कन्सोलच्या जाहिरातीत मॉडेल क्रमांक हवाच

संपादक महोदय,

चतुर्थी जवळ आली की पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानांच्या जाहिराती सुरू होतात. त्यांत प्लेस्टेशन ५ (पीएस ५) या सोनीच्या गेम कन्सोलचा फोटो असतो, हप्त्याचा आकडा असतो, पण मॉडेल क्रमांक नसतो. मोबाइलच्या जाहिरातीत रॅम छापली नाही तर गिऱ्हाईक लगेच विचारते. कन्सोल मात्र सगळे एकच, असे धरून पन्नास हजार रुपये मोजले जातात.

खोक्याच्या स्टिकरवर ‘सीएफआय’ (CFI) या मॉडेलच्या खुणेपुढचे चार आकडे बघावेत. शेवटचे आकडे देशानुसार बदलतात, म्हणून १००० च्या जागी १००८ असेही दिसेल. १००० ही २०२० ची पहिली आवृत्ती. डिस्कवाल्याचे वजन ४.५ किलो. ११०० मध्ये हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) लहान झाला आणि वजन ४.२ वर आले. २०२२ च्या १२०० मध्ये मुख्य चिप ७ ऐवजी ६ नॅनोमीटरच्या, म्हणजे अधिक बारीक, निर्मितीप्रक्रियेची झाली, वजन ३.९ किलो. या तिन्हींचा बाहेरचा सांगाडा एकच, त्यामुळे काउंटरवर नुसते बघून फरक कळत नाही. २००० म्हणजे स्लिम: ३.२ किलो, ८२५ जीबीच्या जागी १ टीबी, डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येणारा. आकड्यांनंतर ‘ए’ असेल तर डिस्कवाला, ‘बी’ असेल तर डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला.

‘नवीन स्लिम म्हणजे स्वस्त’ हा जुना हिशेबही आता चालत नाही. अमेरिकेत २००६ साली ४९९ आणि ५९९ डॉलरला आलेला पीएस ३ स्लिम होऊन २००९ मध्ये २९९ ला मिळू लागला. याउलट भारतात पीएस ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि एप्रिल २०२४ मध्ये स्लिम आला तो ५४,९९० ला. पूर्वी चिप लहान केली की तिचा खर्च सरळ उतरायचा. आता नव्या प्रक्रियेची वेफरच, म्हणजे चिपा जिच्यातून कापतात ती सिलिकॉनची चकतीच, महाग पडते. बचत होते ती धातू, प्लास्टिक आणि वाहतुकीत, आणि ती गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही. म्हणून जुना १००० स्लिमच्या भावात कुणी देत असेल तर सरळ नको म्हणावे.

दुरुस्तीतही क्रमांकाला महत्त्व आहे. जुन्या मॉडेलात ड्राइव्हचा छोटा बोर्ड त्याच यंत्राच्या मदरबोर्डशी सॉफ्टवेअरने जोडीने बांधलेला असतो. ड्राइव्ह बदलताना मूळ बोर्ड नव्या ड्राइव्हवर चढवला नाही, तर डिस्क वाचलीच जात नाही. स्लिमचा ड्राइव्ह घरी बसवता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. चिपवर थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंकपर्यंत नेणारा लेप) नसून द्रवरूप धातू असतो. तो पुसून साधी पेस्ट लावणाऱ्याकडे यंत्र देऊ नये. हीटसिंकची रचना त्या धातूच्या हिशेबाने केलेली असते. पेस्टवर तापमान चढते आणि पंखा ओरडू लागतो.

आपल्याकडची हवा वेगळीच परीक्षा घेते. डिचोली-साखळी भागातली तांबडी धूळ आत बसते. जुन्या मॉडेलची बाजूची पांढरी झाकणे काढली की धूळ साठवणारी दोन भोके दिसतात. ती महिन्या-दोन महिन्यांनी व्हॅक्युमने ओढून घ्यावीत. किनाऱ्याजवळच्या घरांत पावसाळ्यात यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात, हे फार वाईट. दमट हवा आतच कोंडते आणि कनेक्टरवर हिरवा थर धरतो. एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणलेले यंत्र दोन-तीन तास बंदच ठेवावे. आणि गडगडाट सुरू झाला की फक्त प्लग काढून भागत नाही; डिशच्या वायरीतून टीव्हीत आलेला झटका एचडीएमआयवाटे कन्सोलमध्ये शिरतो. एचडीएमआय आणि लॅन दोन्ही केबल काढाव्यात.

वीज जाऊन यंत्र मध्येच बंद पडले आणि नंतर अडखळू लागले, तर यंत्र पूर्ण बंद करून पॉवर बटण दुसरा बीप येईपर्यंत दाबून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या पर्यायांच्या यादीत) जावे, कंट्रोलर यूएसबीने जोडावा आणि ‘रीबिल्ड डेटाबेस’ हा पर्याय निवडावा. यूपीएस घेताना पहिल्या मॉडेलचा ३५० वॅटचा कमाल वीजवापर अधिक टीव्हीचा धरावा. ६०० व्हीएचा डबा त्याला अपुरा; व्हीए हे यूपीएसचे माप, प्रत्यक्ष वॅट त्याहून कमी मिळतात.

आखातातून किंवा बोटीवरून घरचा माणूस कन्सोल आणतो, त्याची वॉरंटी इथे चालेल असे धरू नये. निन्टेंडो स्विच तर कंपनीने भारतात अधिकृतपणे विकलेलाच नाही. डिजिटल आवृत्ती घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तिच्यावरचे गेम मित्राला देता येत नाहीत, विकताही येत नाहीत. पाच-सहा गेम घेतले की ड्राइव्हचे वाचवलेले पैसे तिथेच जातात.

आपल्या जाहिरात विभागाने दुकानदारांकडून एवढे मागून घ्यावे: ‘सीएफआय’ पुढचे चार आकडे आणि एक अक्षर. दुकानदारांनीही तेच, सिरियल क्रमांकासह, बिलावर लिहावे.

– गेम कन्सोल दुरुस्त करणारा एक वाचक, म्हापसा