यकृताच्या तेलापायी संपणारी मुशी

महोदय,

मुशी आपल्या मासळीबाजारात रोज दिसते. परंतु ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत शेकडो मीटर खोलीवर राहणाऱ्या ‘हॅरिसन्स डॉगफिश’ या तिच्या दूरच्या नातलगाची अवस्था फार थोड्यांना ठाऊक असेल. वयात येण्यास अनेक वर्षे लागणारी हिची मादी दीर्घ गर्भारपणानंतर जेमतेम एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते. तिच्या मोठ्या यकृतातील स्क्वालीन या तेलकट द्रव्याने युक्त असलेले तेल तिला पाण्यात तोलून धरते, आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरल्या जाणाऱ्या याच तेलासाठी तिच्या गटातील मुशा अनेक देशांत मारल्या जातात. आपल्याकडे केरळ आणि अंदमानच्या समुद्रातही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या किनाऱ्यालगत १९७६-७७ मध्ये केलेली पाहणी वीस वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा या गटाचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटलेले आढळले. हा आकडा वाचून मी सुन्न झालो. ऑस्ट्रेलियाने काही क्षेत्रे मासेमारीस बंद केली. पण इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवाला सावरायला कित्येक दशके लागतील. स्क्वालीन ऑलिव्हपासूनही मिळते, तेव्हा प्रसाधनांच्या वेष्टनावर त्याचा उगम छापणे आपल्या शासनाने बंधनकारक करावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, रत्नागिरी