गाडीचे झटके सापडले रे, जाड्या

प्रिय जाड्या,

तुझे तीन मिसकॉल बघितले पण उचलणार कसा, दोन्ही हात काळे आणि डोकं बॉनेटमध्ये. फोनवर हे सगळं नीट सांगताही येणार नाही म्हणून लिहूनच टाकतो, तुझी गाडी पण झटके मारायला लागलीय म्हणालास ना, मग शेवटपर्यंत वाच.

सुरुवात झाली हायवेवर. जोगेश्वरीहून अंधेरीकडे, संध्याकाळचं ट्रॅफिक, पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला. पाय जरासा दाबला की गाडी अर्धा सेकंद मान टाकायची आणि मग एकदम पुढे उडी. आई मागे बसलेली, ती म्हणे तू सारखा ब्रेक का मारतोयस? मी ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावलेला नव्हता रे! आणि गंमत बघ, रात्री रस्ता मोकळा मिळाला की ऐंशीला गाडी लोण्यासारखी.

गॅरेजवाला म्हणाला मिसिंग करतेय, म्हणजे पेट्रोल मधूनच पेटत नाही, प्लग टाकू. टाकले. मग पेट्रोल फिल्टर. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप असते तो भाग, साफ केली, कार्बन होताच, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालणं, जरा सुधारलं पण झटके जिथल्या तिथे. साडेतीन हजार गेले आणि वर म्हणतो आता पेट्रोल पंप बदलून बघू. ते 'बघू' ऐकलं आणि गाडी उचलून घरी आणली. माणसाबद्दल राग नाही, पण माझ्या पैशाने अंदाज का लावायचे?

घरी शांत बसून विचार केला की झटका फक्त थोडा पाय दाबल्यावरच का? तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर. माझी गाडी जुनी, केबलवाली, पेडल दाबलं की केबल थ्रॉटलची झडप उघडते आणि झडपेच्या दांड्यावर हा सेन्सर बसलेला असतो. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारा एक पत्रा, आपल्या जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखंच, ते कसं एका जागी आलं की खरखरायचं आठवतंय? तेच. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरला 5 व्होल्ट देतो, झडप बंद असताना साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट परत येतो आणि पूर्ण उघडल्यावर चार-साडेचार. आता मुंबईत पूर्ण पेडल कोण दाबतो? वर्षानुवर्षं तो पत्रा पट्टीच्या सुरुवातीच्या थोड्याशा भागावरच मागेपुढे, म्हणून झिजतोही तिथेच. तिथे आला की सिग्नल क्षणभर गायब, ईसीयूला वाटतं साहेबांनी पाय काढला, तो पेट्रोल आखडतो, पुढच्या क्षणी सिग्नल परत येतो आणि गाडी उडी मारते.

मग चेक इंजिनचा लाइट का नाही लागला म्हणशील. दोन महिन्यांत एकदाच लागला होता, सिग्नल लो म्हणजे पी0122 असा कोड निघाला, पण गॅरेजमध्ये तो पुसला आणि विषय संपला. एवढ्याशा सेकंदाची खोट दर वेळी कोडमध्ये येईलच असं नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. किल्ली ऑन, इंजिन बंद. आधी सेन्सरचं सॉकेट काढून वायरीकडून तपासलं, एका वायरीवर 5 व्होल्ट बरोबर, अर्थिंगही ठीक. हे आधी कर बरं का, कारण आपल्याकडे पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात आणि उंदीर वायरी खातात, आणि दोष वायरीचा असला तर सेन्सर बदलून शून्य फायदा. मग सॉकेट परत लावून सिग्नलच्या वायरीत मागून टाचणी घुसवली. व्होल्ट मोजायच्या डिजिटल मीटरवर आकडे नुसते पळतात, मधली डुबकी डोळ्याला दिसतच नाही. म्हणून माळ्यावरून बाबांचा काटेवाला मीटर काढला. मुलगी मीटर धरून उभी, मी हाताने झडप हळूहळू फिरवतोय, 0.6, 0.7, 0.8 आणि ती ओरडली, बाबा, काट्याने उडी मारली! परत फिरवलं, परत तिथेच, काटा झपकन खाली आणि वर. वायरी हलवून बघितल्या, काही फरक नाही. सातव्यांदा पण तिथेच. तुला सांगतो, इतका आनंद पगाराच्या दिवशी पण होत नाही.

नवा सेन्सर आणला, दोन स्क्रू, दहा मिनिटं. भोकं लांबट असतात, म्हणून स्क्रू ढिले ठेवून बंद झडपेला किती व्होल्ट सांगितलेत ते मीटरवर जुळवलं आणि मगच आवळले. काल ऑफिसहून येताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाऊण तास, एक झटका नाही. जुना फोडून बघितला, काळ्या पट्टीवर सुरुवातीलाच नखाएवढी पांढुरकी रेघ, बास, एवढ्यासाठी सगळा तमाशा.

तुझी गाडी मात्र नवी, तिच्यात केबल नाही, झडप मोटर फिरवते. आत दोन सिग्नल असतात, ते एकमेकांशी जुळले नाहीत की ईसीयू पिकअप मारून टाकतो. त्यामुळे किल्ली ऑन असताना झडपेत बोट घालू नकोस, मोटर फिरली तर बोट अडकेल. तुझ्या गाडीला स्कॅनरच, म्हणजे ईसीयूतले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र, लाव, पेडल हळू दाबत दोन्हींचे आकडे बघ, आणि कोणी कोड पुसायला निघाला तर आधी फोटो काढ.

काटेवाला मीटर हवा असेल तर देतो, पण परत आण हां. माझा जॅक गणपतीपासून तुझ्याच डिकीत आहे.

तुझाच,
बारक्या