दिसतंय का?

मुंबई
रविवार, दुपारी तीन

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "एमडी झालीस, आता डीएम करतेस, म्हणजे अजून शिकतेच आहेस? आणि शिकतेस कुणावर, त्या एवढ्याएवढ्याशा बाळांवर?" मी "नंतर बोलू गं" म्हणून फोन ठेवला. पेशंट वगैरे कुणी आलेलं नव्हतं, मला उत्तर सुचलं नव्हतं. आज रात्रपाळी करून आले, अंघोळ केली, पडले, आणि डोळा लागेना. म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू "वाचते सावकाश" म्हणून ठेवून दिलं असतंस.

तर हो, बाळांवरच शिकते. माझं डीएम, म्हणजे एमडीनंतरचं शिक्षण, नवजात बाळांचंच आहे.

माझी पहिली ट्यूब, म्हणजे बाळाच्या श्वासनलिकेत घातलेली श्वासाची नळी, तुला कधी सांगितली नाही. कुणालाच सांगितली नाही. एमडीचं पहिलं वर्ष, पहाटेचे साडेचार, अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ, वजन साडेनऊशे ग्रॅम. श्वास घेताना छाती पन्हळीसारखी आत जात होती. सीनियर म्हणाले, "ये, तू टाक." हातात लॅरिंगोस्कोप, म्हणजे पोपटाच्या जिभेएवढं पातं असलेली विजेरी समज. ते पातं बाळाच्या तोंडात सरकवून जीभ बाजूला करायची आणि आत स्वरतंतू शोधायचे. दोन पांढुरक्या रेघा, कौलारू घराच्या छपरासारख्या वर टोकाला जुळलेल्या. त्यांच्या मधून अडीच मिलिमीटरची नळी न्यायची आणि ओठापाशी सात सेंटिमीटरवर थांबायचं. बाळाचं वजन किलोत धर, त्यात सहा मिळव, असा सोपा हिशेब आहे. या सगळ्याला वेळ तीस सेकंद.

सीनियर मागून विचारत होते, "दिसतंय का?"

मला नुसता गुलाबी चिखल दिसत होता. लाळ, फेस आणि माझाच श्वास. मी म्हणाले, "हो, दिसतंय."

नळी अन्ननलिकेत गेली. बाळाचे ठोके ऐंशीवर, मग साठवर आले. सिस्टरनी मला खांद्याने बाजूला केलं, मास्क लावून बॅगिंग, म्हणजे हाताने पिशवी दाबून श्वास देणं, सुरू केलं. बाळ गुलाबी झालं, मग सीनियरनी एका झटक्यात ट्यूब टाकली. बाळाचं पुढे बरं झालं, घरी गेलं. पण सकाळी त्याची आई व्हीलचेअरवर बसून आली, काचेतून बघत राहिली आणि मला नमस्कार केला. मी तिला सांगितलं, "रात्री ट्यूब टाकावी लागली." कुणी टाकली, कितव्या वेळी गेली, हे ना तिने विचारलं ना मी सांगितलं.

यात चूक हाताची कमी होती. ती "हो" म्हणण्याची होती. आणि गंमत बघ, तो "हो" खरा की खोटा हे तपासायची सोयच नव्हती. त्या तोंडात एका वेळी एकच माणूस डोकावू शकतो. शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत तुझ्या पायाखाली दुसरा क्लच-ब्रेक असतो, शिवाय समोरची काच दोघींना सारखीच दिसते. आमच्याकडे काच एकीलाच आणि ब्रेक कुणालाच नाही.

आता पात्याच्या टोकाला कॅमेरा असलेला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आला आहे. पडद्यावर सगळ्यांना दिसतं. डब्लिनच्या एका प्रसूती रुग्णालयात त्याची नीट चाचणी झाली, २०२४ साली निष्कर्ष छापून आले. २१४ बाळं, अर्ध्यांना साधा, अर्ध्यांना कॅमेऱ्याचा. पहिल्याच प्रयत्नात नळी बसली ती साध्याने शंभरात ४५ वेळा, कॅमेऱ्याने ७४ वेळा. मी तो ४५ चा आकडा दोनतीनदा वाचला. म्हणजे तिथेही, सगळ्या सोयींत, साध्या पात्याने निम्म्याहून जास्त वेळा पहिला प्रयत्न फसतच होता. हे मला त्या पहाटे कुणी सांगितलं असतं तर मी "दिसत नाही" म्हटलं असतं की काय कोण जाणे.

आमच्याकडे असा एकच आहे, तोही चार्ज असेल तर. आमचे एक सर त्याला हात लावत नाहीत. "जिल्ह्याला गेलीस की तिथे कॅमेरा असणार आहे का?" म्हणतात. हे अगदीच खोटं नाही, म्हणून आम्ही दोन्ही शिकतो.

बाहुल्यांवरही शिकतो. पण रबरी बाहुलीच्या घशात लाळ नसते, ती निळी पडत नाही, आणि दहाव्यांदा चुकलं तरी तिची आई बाहेर बसलेली नसते. मला विचारशील तर नाळेवरचं शिकणं सगळ्यांत खरं. लेबर रूममधून, आईला विचारून, टाकून द्यायची नाळ आणतो. ताजी कापलेली नाळ उभी धरली की तिचं तोंड घड्याळासारखं दिसतं. बाराच्या काट्यापाशी एक मोठी, पातळ भिंतीची, ढिली शीर. खाली चार आणि आठच्या आसपास दोन जाड, पांढऱ्या, आवळून बसलेल्या धमन्या. शिरेत कॅथेटर, म्हणजे औषध-सलाइनची बारीक नळी, सुळकन जातो. धमनीचं तोंड मात्र बारीक चिमट्याने उघडत बसावं लागतं, आबोलीची मिटलेली कळी न फाडता उमलवावी तसं. घाई केली की भिंतीत खोटा रस्ता तयार होतो आणि ती धमनी गेलीच. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त किती असतं सांगू? जेमतेम ९० मिलिलिटर. कटिंग चहाचा ग्लास. त्यामुळे सराव नाळेवरच झालेला बरा.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळते. शिकण्याबरोबर संशोधनही करावं लागतं, थीसिस असतो. त्यासाठी आईवडिलांची संमती घ्यायची. नऊ पानांचा फॉर्म आहे, त्यावर मराठी अशी: "आपल्या पाल्याची यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती करण्यात येईल." हे वाचून कोणती बाळंतीण सही करेल? मी सरळ सांगते, "दोन्ही उपचार चालतात, त्यातला बरा कुठला ते आम्हाला माहीत नाही. म्हणून चिठ्ठी टाकून ठरवतो." एका आजीने विचारलं, "डॉक्टर असून तुम्हाला माहीत नाही?" आणि नातीला घेऊन उठल्यासारखं केलं. नात आत व्हेंटिलेटरवर होती, बाई नुसतीच उठली आणि परत बसली.

तिला काय सांगू? वाटतं तेच खरं निघत नाही, हे? जन्मताना गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस साडेतेहतीस अंशांवर गार ठेवलं की मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांतल्या चाचण्यांनी दाखवलं होतं. आपल्याकडेही उत्साहाने सुरू झालं. मग भारत, श्रीलंका, बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर चिठ्ठी टाकून पाहिलं, त्यात आपलं सायन रुग्णालयही होतं. २०२१ ला निकाल आला. गार ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. चाचणी झाली नसती तर आपण भल्यासाठीच करतोय म्हणून करत राहिलो असतो. त्याच्याही आधी, १९५० च्या आसपास, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत आणि त्यातली कित्येक आंधळी होत. वॉशिंग्टनमधल्या एका रुग्णालयात कमी ऑक्सिजनची चाचणी चालली होती, तर रात्रपाळीच्या नर्सेस गुपचूप नळ वाढवून ठेवत. बिचाऱ्या बाळाचा श्वास कसला तोडताय, म्हणून. त्यांचा मला राग येत नाही. मीही वाढवला असता.

म्हणून संशोधनाच्या नऊ पानांबद्दल माझी तक्रार नाही, भाषा सोडली तर. तक्रार वेगळी आहे. अमुक औषध की तमुक, यासाठी नऊ पानं, एथिक्स कमिटी, सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी, साक्षीदार, सही-अंगठा. आणि माझा पहिला हात त्या बाळाच्या घशात गेला तेव्हा अर्धं पानही नव्हतं. औषधाचं माहीत नाही हे सांगायचं, माझ्या हाताचं माहीत नाही हे मात्र सांगायचं नाही.

मध्यंतरी मी सांगून पाहिलं. जीव टांगणीला असतो तेव्हा विचारायला वेळ नसतोच, पण हातापायाच्या शिरेतून लांब लाइन, म्हणजे सलाइनची लांब नळी, टाकायची असते तेव्हा घाई नसते. एका बाळाच्या वडिलांना म्हटलं, "मी शिकते आहे. मॅडम शेजारी उभ्या राहतील. दोनदा प्रयत्न करीन, नाही जमलं तर त्या टाकतील." गृहस्थ एसटीत कंडक्टर. शांतपणे म्हणाले, "मग मॅडमच टाकू देत की." मॅडमनी टाकली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अशी विचारत बसलीस तर शिकणार कधी? आणि तू नाही शिकलीस तर पुढच्या बाळाला कोण टाकणार?" मी गप्प बसले. त्याही बरोबर होत्या आणि तो कंडक्टरही. तिकीट काढायच्या आधी गाडी कोण चालवतंय हे विचारायचा हक्क त्याला नसेल तर कुणाला? त्यानंतर मी सहा जणांना असंच सांगितलं, चौघे हो म्हणाले. एक आई तर म्हणाली, "टाक बाई, पण गप्पा मारत टाकू नको."

आता काल रात्रीचं. नवी पीजी, म्हणजे एमडीची विद्यार्थिनी, आली आहे, नांदेडकडची, बोलायला फटकळ. एक हजार चाळीस ग्रॅमचं बाळ, तिची पहिली ट्यूब. कॅमेरावाला चार्ज नव्हता, अर्थातच. तिच्या मागे मी उभी, तोंडात तेच वाक्य आलं, "दिसतंय का?" ती म्हणाली, "नाही दिसत. काहीच नाही दिसत, मॅडम." सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी म्हटलं, "मग बाहेर काढ." सिस्टरनी बॅगिंग केलं, बाळाचा ऑक्सिजन ९४ वर आला, तिने मानेखालची घडी थोडी नीट केली आणि परत घातलं. या वेळी विचारायच्या आधीच म्हणाली, "आलं, छप्पर आलं."

आपलं छप्पर तिलाही शिकवलंय मी.

दिवाळीत चार दिवस कराडला येते आहे, सुट्टी अजून मंजूर व्हायची आहे. माझं लर्निंग लायसन दुसऱ्यांदा संपलं, हसू नकोस. ती जुनी अल्टो विकली नसशील तर एक सकाळ मला दे, आणि तुझा पाय ब्रेकवरून काढू नकोस. काकूंना नमस्कार सांग, पिंट्याला पापा.

तुझी,
वैजू