सईच्या चौथ्या नंबराबद्दल

नाशिक,
रविवार दुपार

प्रिय मीनल,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, आणि मग गच्चीवर जाऊन नीट. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला आकडे मांडून दाखवायचे आहेत. म्हणून नातवाची चौकटीची वही पळवून बसले आहे.

सई जिम्नॅस्टिक्सच्या ट्रायलला चौथी आली, संघ चार जणींचा, आणि चौथी जागा नवव्या नंबरच्या मुलीला. सई राखीव. आणि तू सरांना तोंडावर सांगून आलीस की माझी मुलगी राखीव म्हणून येणार नाही. ‘या लोकांना साधी बेरीज येत नाही का गं?’ असं तू शेवटी म्हणालीस.

येते गं. बहुतेक त्यांनी बेरीजच केली आहे, तीच तर पंचाईत आहे.

हे बघ. संघात चार जणी, पण प्रत्येक साधनावर उतरायचं तिघींनी आणि तिघींचेही गुण धरायचे. गोल आकडे घेते, सईचे खरे गुण माझ्याकडे नाहीत. समज, सई चारही साधनांवर, म्हणजे व्हॉल्ट (घोड्यावरून उडी), बार (उंच-सखल दांड्या), बीम (अरुंद पट्टी) आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) यांवर, ११ मिळवते. एकूण ४४. ती दुसरी मुलगी बारवर १२, बाकी तिन्हीकडे ९. एकूण ३९. आता आधीच्या तिघींकडे बघ. व्हॉल्ट, बीम, फ्लोअर या तिन्हींवर त्यांचा सगळ्यात कमी गुण ११.२ आहे. म्हणजे तिथे सईचे ११ लागतच नाहीत. बारवर मात्र त्यांची तिसरी मुलगी ८.५ ला लटकते. तिच्या जागी सई घेतली तर संघाला अडीच गुण जास्त. दुसरी घेतली तर साडेतीन. सईने पाच गुण जास्त मिळवूनही संघाला तिच्यापेक्षा ती दुसरी एका गुणाने फायद्याची ठरते. सईचे ११ चार वेळा येतात आणि उपयोगी पडतात एकदाच.

मी पंच म्हणून बसायचे तेव्हा पालकांना हे समजावताना माझा घसा बसायचा. पोरीचा नंबर दिसतो, भोक कुठे आहे ते दिसत नाही.

तुला मायकेला स्किनरची गोष्ट सांगते, कारण ती हुबेहूब सईची आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी अमेरिकेची ट्रायल सॅन होजेला झाली. सिमोन बाइल्स पहिली, मग लॉरी हर्नांडेझ, मग अ‍ॅली रेसमन, आणि चौथी मायकेला. संघ पाच जणींचा. तुझ्या हिशोबाने ती आत. झालं काय, सातव्या आलेल्या गॅबी डग्लसला घेतलं, आठव्या आलेल्या मॅडिसन कोशनला घेतलं, आणि मायकेला राखीव. तिचा व्हॉल्ट आणि फ्लोअर जबरदस्त, पण त्या दोन्ही साधनांवर अमेरिकेकडे मुलींची रांग लागली होती. बारवर नव्हती. मॅडिसन आदल्या वर्षीची बारची जगज्जेती. रिओत सांघिक अंतिम फेरीत ती फक्त बारवर उतरली, एकदाच, आणि १५.९३३ घेऊन खाली आली. अमेरिका रशियापेक्षा आठहून जास्त गुणांनी पुढे राहिली. मग तू म्हणशील, आठ गुणांनी जिंकायचंच होतं तर मायकेलाला नेलं असतं तरी काय बिघडलं असतं? बरोबर आहे. पण ट्रायलच्या दिवशी ते आठ गुण कुणाच्या खिशात नव्हते.

पुरुषांमध्ये तर हे आणखी गमतीशीर दिसतं. २०२४ ला पॅरिसला अमेरिकेने स्टीफन नेडोरोस्चिकला नेलं. तो सहापैकी एकच साधन करतो, पॉमेल हॉर्स, म्हणजे मुठी बसवलेला घोडा. बाकी पाच साधनं होईपर्यंत चश्मा लावून कडेला बसलेला, डोळे मिटून, डोकं मागे टाकून. सगळ्यात शेवटच्या फेरीत शेवटचा उतरला. चश्मा काढला, १४.८६६ केले, आणि अमेरिकन पुरुषांना १६ वर्षांनी सांघिक पदक मिळालं. त्याच्यासाठी सगळी साधनं करणारा कुणीतरी घरी राहिलाच असणार. त्याची आईही अशीच अकरा मिनिटं बोलली असेल.

तर संघाच्या निवडीबद्दल माझं भांडण नाही. आता जिथे भांडण आहे ते सांगते, म्हणजे मी नेहमी कमिटीचीच बाजू घेते असं तुला वाटायला नको.

लंडनचं ऑलिंपिक आठवतंय का, २०१२? जॉर्डिन वीबर आदल्या वर्षीची ऑल-राउंड, म्हणजे चारही साधनांचे गुण मिळून, जगज्जेती. पात्रता फेरीत ती जगात चौथी आली. वैयक्तिक ऑल-राउंडच्या अंतिम फेरीत २४ जणी जातात. चौथी म्हणजे डोळे मिटून आत. पण नियम असा की एका देशाच्या दोनच. अ‍ॅली रेसमन ६०.३९१, गॅबी डग्लस ६०.२६५, जॉर्डिन ६०.०३२. आपल्याच मैत्रिणीपेक्षा ०.२३३ ने कमी. एक पाऊल इकडेतिकडे. कॅमेरा तिच्या तोंडासमोर आणि ती रडतेय, शेजारी मैत्रिणी, त्यांना धड हसताही येत नाही. मी टीव्ही बंद केला होता. अंतिम फेरीत तिच्यापेक्षा कितीतरी कमी गुणांच्या मुली खेळल्या, आणि सोनं गॅबीने नेलं.

चार वर्षांनी रिओत तीच पाळी गॅबीवर. सातवी येऊनही संघात घेतलेली गॅबी पात्रता फेरीत जगात तिसरी आली (ट्रायलच्या नंबरावर किती विसंबायचं ते बघ), पण पुढे सिमोन आणि अ‍ॅली. गतविजेती असून तिला आपलं पदक राखायला उतरताच आलं नाही. पॅरिसला जॉर्डन चाइल्स, पुन्हा चौथी, पुन्हा देशात तिसरी, सुनी लीपेक्षा फक्त ०.०६७ ने मागे.

पूर्वी तिघी चालायच्या. मग २००० साली सिडनीत रोमानियाने पहिले तिन्ही नंबर नेले. (त्यातल्या पहिलीचं, आंद्रेआ रादुकानचं, सुवर्ण पुढे काढून घेतलं, सर्दीच्या गोळीपायी. ती गोळी तिला संघाच्याच डॉक्टरने दिली होती. तो निराळाच संताप.) त्यानंतरच्या ऑलिंपिकपासून दोघी. इतर देशांनाही अंतिम फेरी दिसावी म्हणून, असं त्याचं समर्थन करतात. ते मला कळतं. एकाच रंगाचे तीन ट्रॅकसूट व्यासपीठावर कुणाला बघवतात? पण मग संघ पाठवतानाच देशाला मर्यादा घाला. पोरगी उतरली, खेळली, चौथी आली, आणि मग तिला सांगायचं की तू बरोबरच्या देशात जन्मलीस पण चुकीच्या वर्षी. संघाच्या निवडीत निदान बेरीज असते. यात बेरीज नाही, नुसती कात्री आहे.

आणि कात्री असली की तिच्यातून वाटा काढणारेही निघतात. तिघींच्या काळातलीच गोष्ट, १९९२, बार्सिलोना. सोव्हिएत संघ मोडला होता आणि त्यातल्या बहुतेक देशांचा मिळून एक संघ आला होता. तात्याना गुत्सू पात्रता फेरीत बीमवरून पडली आणि आपल्या संघात चौथी झाली, म्हणजे बाहेर. मग रोझालिया गालियेवाच्या गुडघ्याला दुखापत झाल्याचं सांगून तिच्या जागी गुत्सूला उतरवलं. गुत्सूने ०.०१२ च्या फरकाने सोनं जिंकलं. गालियेवाच्या गुडघ्याबद्दल मी काही बोलत नाही. तुझं तोंड आत्ता कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय.

मायकेलाचं पुढे काय झालं ते राहिलं. टोकियोच्या वेळी ती संघाबाहेरच्या वैयक्तिक जागेवर गेली, २४ वर्षांची, या खेळात म्हणजे आजीबाई. व्हॉल्टच्या पात्रता फेरीत ती अमेरिकनांमध्ये तिसरी, म्हणजे पुन्हा कात्री. परतीची तयारी झाली होती. तेवढ्यात सिमोनला ट्विस्टीजनी गाठलं. हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत याचं भानच सुटतं ते. तिने व्हॉल्टची अंतिम फेरी सोडली आणि मायकेलाला बोलावलं. मायकेलाने रौप्य घेतलं, ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेच्या मागे. सईला असंच काहीतरी मिळेल म्हणून हे सांगत नाहीये. राखीव पोरींपैकी बहुतेकींना काहीच मिळत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की मायकेला तिथे होती.

आपल्याकडे तर याहून विचित्र होतं. दीपा कर्माकरची रिओची व्हॉल्टची फायनल आपण दोघींनी फोनवर बोलत बघितली होती. प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टची महाकठीण उडी, १५.०६६, चौथी, कांस्य ०.१५० ने हुकलं. तीच दीपा २०२३ ला डोपिंगच्या बंदीचे २१ महिने संपवून आली, आशियाई खेळांच्या ट्रायलला पहिली आली, आणि तरी हांगझोला गेली नाही. कारण सरकारी निकष असा होता की गेल्या बारा महिन्यांतली कामगिरी आधीच्या आशियाई खेळांतल्या आठव्या नंबराच्या तोडीची हवी. जी बंदीमुळे खेळलीच नव्हती तिने बारा महिन्यांची कामगिरी आणायची कुठून? बंदी योग्य की अयोग्य हे सोड. पण पहिल्या येणारीला जर जाताच येणार नव्हतं, तर ती ट्रायल कशासाठी घेतली? पुढच्याच वर्षी ताश्कंदला तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं, भारतासाठी पहिलंच. आणि काही महिन्यांनी निवृत्त झाली.

म्हणून तू सरांशी भांडलीस ते चुकीच्या मुद्द्यावर, असं मला वाटतं. ‘चौथी असून का नाही’ हा मुद्दा नाही. विचारायचं ते हे: संघ बेरजेवर निवडणार हे ट्रायलच्या आधी मुलींना सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर गप्प बस. नसेल तर मी तुझ्या बाजूने येऊन भांडते, आणि माझं भांडण तुला माहीत आहे. सईला कळलं असतं की बारवर जागा रिकामी आहे, तर तिने गेले दोन महिने फ्लोअरच्या नाचात घालवले नसते.

आता जे फोनवर मला कधीच बोलता आलं नसतं ते.

१९९३ ची विभागीय स्पर्धा. तू पाचवी होतीस, मी आठवी. मला घेतलं आणि तुला राखीव ठेवलं, माझ्या व्हॉल्टसाठी. तेव्हाचा तो आडवा घोडा, रेक्झिन फाटलेला, आत काथ्या. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. मी इतकी वर्षं धरून चालले की तुला वाईट वाटलं नसेल, कारण तसं धरणं मला सोयीचं होतं. वॉर्मअपला माझ्या तळहाताची कातडी सोलवटली. सर ओरडत होते, माझ्याच्याने पट्टी बांधवेना, आणि तू माझा हात तुझ्या मांडीवर घेऊन दातांनी चिकटपट्टी तोडलीस. तुझ्या ओठांना हाताला लावायची मॅग्नेशियमची पूड लागली होती, मिशीसारखी. मग मी धावले आणि उतरताना सपशेल बसले. ज्या एका व्हॉल्टसाठी मला नेलं होतं तोच.

परत येताना एसटीत तू म्हणालीस, ‘बेरजेत चूक नव्हती, तू पडलीस एवढंच.’ तेरा वर्षांची होतीस. परवाच्या मेसेजमध्ये ती तेरा वर्षांची मुलगी शोधत होते मी.

सईला जायचंय का, हे तू तिला विचारलंस का? अकरा मिनिटांत ती काय म्हणाली ते एकदाही आलं नाही. तुझ्या रागावर तिने जाणं सोडलं तर ते तिचं सोडणं नव्हे.

मी शनिवारी सकाळच्या बसने येते. सरांकडे दोघी जाऊ, मी आधी बोलेन, तू चहा होईपर्यंत काही बोलायचं नाहीस. त्यांच्याकडून प्रत्येक साधनावरचे तिसरे गुण लिहून घेऊ, म्हणजे माझी ही चौकटीतली बेरीज खरी की खोटी ते कळेल. खोटी निघाली तर तुझी माफी मागेन. सईला सांग, मावशी समजूत घालायला येत नाहीये, तिचा बार बघायला येतेय. आणि तिच्या हाताच्या फोडांना तू ती हळद-तुपाची पुरचुंडी बांधत असशील तर बंद कर, हात निसटतो त्याने.

काकूंना नमस्कार. गुडघा कसा आहे त्यांचा?

तुझीच,
सुनंदा

ता. क. नातवाने वही मागितली आहे. त्याला सांगितलं, मीनलआजीला बेरीज शिकवतेय. तो म्हणाला, मग वजाबाकी राहू दे.