बाणस्तारीला भेटलेल्यांचे आभार

जॉन डिअरने 1963 मध्ये बाजारात आणलेल्या '110' या बागकामाच्या ट्रॅक्टरचा, वर्षभर खपून दुरुस्त केलेला एक नग गेल्या गुरुवारी पणजीला नेत असताना बाणस्तारीजवळ पिकअपचा दोर तुटला, ट्रॅक्टर निम्मा बाहेर लोंबकळला आणि त्यातच पाऊस कोसळू लागला. हवेच्या फिल्टरचे झाकण मी घरीच विसरलो होतो (चूक सर्वस्वी माझी), त्यामुळे कार्बुरेटरचे तोंड उघडे होते. बाजाराहून परतणाऱ्या चार तरुणांनी वाशाची तरफ लावून ट्रॅक्टर वर घेतला. मासळी विकणाऱ्या एका मावशींनी तर पाटीवरचे प्लास्टिक काढून इंजिनावर पांघरले, ते उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवले आणि स्वतः मात्र भिजत राहिल्या. या सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. नावे विचारायचे राहूनच गेले. त्या प्लास्टिकला अजून बांगड्यांचा वास येतो. मावशी, पुढच्या गुरुवारी ते परत आणून देतो.