साच्याचा दोष कानशीने जात नाही: २८ मिमी पायदळ संचाबाबत दुसरे तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: २८ मिमी प्लास्टिक पायदळ संच (जोडून रंगवायची सैनिकांची मिनिएचर; भारतीय सैनिक, इटली १९४३–४५), पाचही फ्रेममधले (सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात त्या) साच्याचे दोष, जोडणी पत्रकातली चूक आणि शस्त्रांची वाटणी

महोदय / महोदया,

आमच्या पहिल्या तक्रारीला आपले उत्तर आले, त्याचा आशय एवढाच होता की कडक प्लास्टिकवर मोल्ड लाइन येणारच, कानस आणि पुटीने (फटी भरायच्या लगद्याने) ती साफ करून घ्यावी. मोल्ड लाइन साफ करायला आमची ना नाही. साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेघ उठते, ब्लेडची धार आडवी धरून दोन-तीनदा खरवडली की ती जाते. ते काम जोडणाऱ्याचेच आहे. या बॉक्समध्ये मात्र रेघ नाही, पायरी आहे. हा फरक आपल्या उत्तरात कुठेच दिसला नाही, म्हणून हे दुसरे पत्र.

साच्याचे दोन अर्धे एकमेकांपासून साधारण ०.३ मिमी सरकलेले आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. हेल्मेट घातलेले कोणतेही डोके समोरून बघा: डाव्या बाजूला पुढचा अर्धा बाहेर आलेला दिसतो, उजव्या बाजूला मागचा. साच्याच्या फटीतून जास्तीचे प्लास्टिक बाहेर आले असते तर पातळ पापुद्रा दिसला असता, आणि तो नखानेही निघतो. इथे पापुद्रा नाही, अख्खा अर्धा भागच बाजूला गेला आहे. ०.३ मिमी ऐकायला क्षुल्लक वाटते, पण १:५६ च्या (या मिनिएचरच्या प्रमाणाच्या) हिशेबाने खऱ्या माणसाच्या गालावर ती जवळपास १७ मिमीची पायरी होते.

डोक्यावर पायरी खरवडली तर हेल्मेटचा काठ दोन्हीकडून कमी होतो आणि गोल हेल्मेट लांबट दिसू लागते. पगडीच्या डोक्यांवर घड्यांमुळे दोष थोडा झाकला जातो, पण खरवडताना त्याच घड्या सपाट होतात. सगळ्यात जास्त नुकसान रायफलींचे आहे. नळीची जाडी जेमतेम ०.८ मिमी. तिचे दोन अर्धे ०.३ मिमीने सरकले असतील तर दोन्हीकडचे बाहेर आलेले भाग काढल्यावर मधे अर्धा मिमी उरतो. ती रायफल न राहता तार होते, आणि खेळताना मिनिएचर एकदा जरी आडवे पडले तरी तुटते. पुटी इथे उपयोगाची नाही, कारण एवढ्या बारीक गोल नळीवर ती धरतच नाही.

दुसरा दोष संगिनींचा. पाचही फ्रेममध्ये फीड गेटपासून (प्लास्टिक साच्यात शिरते त्या तोंडापासून) सर्वात लांबच्या कोपऱ्यातली संगीन अपुरी भरली आहे. आपण म्हणू शकाल की भारतात सुमारे १२ इंच पात्याच्या आखूड संगिनी होत्या. बरोबर आहे, १७ इंचांची जुनी संगीन या मापात ७.७ मिमी भरते आणि आखूड संगीन सुमारे ५.४ मिमी. पण आम्ही मोजलेल्या पाच संगिनी ४ ते ५.५ मिमीच्या दरम्यान आहेत, दोन सारख्या नाहीत, आणि टोक अणकुचीदार नसून मेणबत्तीसारखे गोल आहे. कारागिराने आखूड कोरलेली संगीन प्रत्येक फ्रेममध्ये सारखीच आखूड आली असती. वितळलेले प्लास्टिक टोकापर्यंत पोचण्याआधी थंड झाले किंवा त्या टोकाची हवा निघून जायची वाट बुजली, की असे गोल टोक येते. दोन्हींचा इलाज मशीनवर आहे, आमच्या टेबलावर नाही.

धडांच्या पाठीवरचे खळगेही त्याच प्रकारचे. जिथे धड आणि पाठीवरची पिशवी मिळून प्लास्टिक जाड होते, तिथे आतला भाग उशिरा थंड होतो, आकसतो आणि पृष्ठभाग आत ओढून घेतो. दाब पुरेसा वेळ धरून ठेवला नाही की हे घडते. प्रत्येक फ्रेममधल्या सहापैकी तीन धडांवर खळगा बरोबर पट्ट्यांच्या फुलीवर आला आहे, त्यामुळे वेबिंगची (सामान अडकवायच्या कापडी पट्ट्यांची) फुली अर्धवट पुसली गेली. नुसता रंग देऊन हे झाकता येत नाही. उलट वॉश (पाण्यासारखा पातळ केलेला रंग) दिला की तो खळग्यात साचतो आणि पाठीवर तेलाचा डाग पडल्यासारखे दिसते.

आपण सुचवलेला दुसरा उपाय, म्हणजे फ्रेमचे तुकडे प्लास्टिक सिमेंटमध्ये विरघळवून तो लगदा भरणे, सांध्यातल्या फटींसाठी उत्तम आहे. खळग्यात मात्र द्रावक उडून गेल्यावर तो पुन्हा खाली बसतो, म्हणून एक दिवस थांबून परत भरावा लागतो, आणि तोवर खालच्या पट्ट्यांच्या कडाही मऊ पडलेल्या असतात. शेवटी पॉलिश पेपर मारला की उरलीसुरली वेबिंगही जाते. तीस मिनिएचरच्या बॉक्समधली पंधरा धडे अशी दुरुस्त करायची?

फ्रेमवर तेलकट थर होता, त्यामुळे पहिल्या चाचणीत प्रायमरचे थेंब होऊन तो ओसरला. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्याने तो थर गेला, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

जोडणी पत्रकाबद्दल मात्र आहे, आणि ती सर्वात गंभीर आहे. रायफल उजव्या हातासह एका तुकड्यात येते, डावा हात वेगळा, आणि त्याचा पंजा ठरावीक रायफलीच्या पुढच्या लाकडाखालीच बसतो. पत्रकात डावे हात ९ आणि १२ यांची अदलाबदल झाली आहे. पत्रकाप्रमाणे जोडले तर गुडघा टेकून नेम धरणाऱ्याचा पंजा रायफलीच्या पुढे २ मिमी हवेत राहतो, आणि चालणाऱ्या सैनिकाचा मनगटापर्यंत लाकडात घुसतो. आधी कोरडे जुळवून पाहावे हे आम्हाला ठाऊक आहे, अनुभवी जोडणारे तसेच करतात. पण पहिला बॉक्स घेणारा छापील क्रमांकावर विश्वास ठेवतो. सुपरग्लूचा सांधा निदान उकलता येतो. प्लास्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते, आणि चूक लक्षात येईपर्यंत खांदा कापण्याशिवाय मार्ग उरलेला नसतो.

आता शस्त्रांचा हिशेब. प्रत्येक फ्रेमवर ३ रायफली, २ स्टेन (सबमशीनगन) आणि १ ब्रेन (हलकी मशीनगन) आहे, म्हणजे बॉक्समध्ये १५ रायफली, १० स्टेन, ५ ब्रेन. दहा जणांच्या सेक्शनमध्ये (पायदळाच्या छोट्या तुकडीत) एक ब्रेन, नाईककडे (सेक्शन कमांडरकडे) एक सबमशीनगन, बाकी आठ रायफली. ब्रेनचा दोन नंबर, म्हणजे मदतनीस, हाही रायफलवालाच. बॉक्सवर "तीन पूर्ण सेक्शन" असे छापले आहे, तर २४ रायफली, ३ सबमशीनगन, ३ ब्रेन हव्यात. नऊ रायफली कमी आणि सात स्टेन जास्त, अशा बॉक्समधून एकच सेक्शन पूर्ण होतो, दुसऱ्याला एक रायफल कमी पडते आणि तिसऱ्यासाठी रायफलीच शिल्लक नसतात.

शिवाय स्टेन का? इटलीतल्या ब्रिटिश आठव्या आर्मीकडे त्या जागी थॉमसन (टॉमी गन) होती. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, त्याबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सन्मानपत्रात त्यांच्या हातातल्या टॉमी गनचा उल्लेख आहे, आणि मॅगझिन बदलायला वेळ नसल्याने त्यांनी तीच नळीकडून धरून कशी वापरली, हेही. बॉक्सच्या मागे आपण मराठा लाइट इन्फंट्रीचे नाव छापले आहे. मग सेक्शन कमांडरच्या हातात डावीकडे मॅगझिन असलेली स्टेन देणे शोभत नाही.

रंगाच्या पत्रकाचेही तेच. मिनिएचरच्या अंगावर लोकरी बॅटलड्रेस कोरला आहे, जाड घड्या आणि आखूड कोटासकट, आणि रंग मात्र उन्हाळी खाकी ड्रिलचा (सुती कापडाचा), फिकट वाळूसारखा सांगितला आहे. बॅटलड्रेसला मातकट तपकिरी हवा, वेबिंग त्याहून फिकट, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. ब्रेनच्या मॅगझिनचा बाक थोडा कमी पडला आहे, पण तेवढे आम्ही चालवून घेऊ.

आमच्या मागण्या अशा. पाचही फ्रेम बदलून द्याव्यात, मात्र याच बॅचच्या नकोत. साचा त्याच स्थितीत असेल तर नव्या फ्रेमवरही तीच पायरी येईल, म्हणून पाठवण्याआधी एका हेल्मेटची डावी-उजवी बाजू आणि कोपऱ्यातली संगीन तपासावी. सुटे हात किंवा सुट्या रायफली पाठवू नयेत, कारण दोष सुट्या भागांचा नाही. दुरुस्त जोडणी पत्रक सर्व ग्राहकांना दिसेल असे प्रसिद्ध करावे, आणि तोपर्यंत विक्रीच्या बॉक्समध्ये ९ आणि १२ या क्रमांकांची दुरुस्ती छापलेली चिठ्ठी घालावी. कमी पडणाऱ्या नऊ रायफली आणि तीन थॉमसन यांची स्वतंत्र शस्त्र-फ्रेम द्यावी, नाहीतर "तीन पूर्ण सेक्शन" हे शब्द बॉक्सवरून काढावेत. पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केल्यास ते आम्ही स्वीकारणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. जोडलेली चार मिनिएचर सोडून बाकी सर्व भाग फ्रेमवर तसेच ठेवले आहेत, आपण मागितल्यास परत पाठवू.

आपले,
ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, बॅच क्रमांकाचा फोटो, हेल्मेट, रायफलीची नळी आणि पाच संगिनी यांचे व्हर्नियर कॅलिपरसह फोटो, जोडणी पत्रकावर खुणा केलेली प्रत