बॉल सुटेपर्यंत पाय बेसवर हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. तुमच्या पेपरात शालेय सॉफ्टबॉलचे निकाल येतात, कोण किती रननी जिंकलं वगैरे, पण लहान मुलींच्या मॅचमध्ये बेस स्टीलिंगचा, म्हणजे हिट नसताना पळून पुढचा बेस चोरण्याचा, जो गोंधळ चालतो त्याच्यावर कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझी मुलगी १४ वर्षांखालच्या गटात कॅचर आहे, म्हणजे बॅटिंग करणारीच्या मागे बसून बॉल पकडते. मागच्या स्पर्धेत समोरच्या टीमला एका इनिंगमध्ये एक धड हिट बसली नाही तरी ५ रन गेले, सगळे चोरून. बॉल टाकणाऱ्या पिचरचे चार बॉल चुकीचे पडून वॉक मिळाला की पहिला बेस, पुढच्या पिचला (म्हणजे पिचरने टाकलेल्या पुढच्या बॉलला) दुसरा, मग तिसरा, आणि बॉल कॅचरच्या मागे गेला की होम, म्हणजे बॅटिंगची जागा गाठून रन. पोरगी घरी येऊन जेवली नाही, तिला वाटतंय आपल्यामुळेच हरलो.

मी बाहेर उभा राहून बघत होतो ना, पिचरचा हात फिरायला लागला की रनर दोन-तीन पावलं पुढे! बेसबॉलमध्ये आधीपासून बेस सोडून उभं राहता येतं, तिथे दोन बेसमध्ये ९० फूट असतात. सॉफ्टबॉलमध्ये ६० फूटच, म्हणून पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसला लागलेला पाहिजे. आधी सोडला तर बॉल डेड म्हणजे खेळ थांबतो, तो पिच धरायचा नाही आणि रनर आऊट, इतकं साफ आहे. पण पंच एकच, तेही होमच्या मागे, ते पिचरचा हात बघणार की पहिल्या बेसवरचा पाय? मी विचारलं तर म्हणाले अहो लहान मुली आहेत, चालायचंच.

लहान आहेत म्हणूनच तर चालू नये! होमपासून दुसरा बेस जवळजवळ ८५ फूट लांब, कॅचरला गुडघ्यावरून उठून तिथपर्यंत थ्रो करायचाय, हात केवढा आणि बॉल केवढा, आणि रनरला त्यात दोन पावलं फुकट दिली तर जगातली कुठलीच कॅचर तिला पकडू शकत नाही.

दुसरं म्हणजे पिचरभोवतीचं सर्कल. ८ फूट त्रिज्येचं असतं, बॉल घेऊन पिचर आत उभी राहिली की थांबलेल्या रनरने लगेच पुढे जायचं नाहीतर मागे फिरायचं, मध्ये घुटमळली तर आऊट. आमच्याकडे फक्कीने बेसच्या लाइन मारतात आणि सर्कल विसरतात, मग हा नियम लावणार कशावर?

स्टीलिंग बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, मुलींना त्यातच खरी मजा येते आणि धाडस पण येतं. अमेरिकेत लहान गटांच्या बऱ्याच लीगमध्ये मर्यादा असते, कुठे स्टीलच नाही, कुठे एका पिचला एकच बेस, कुठे होम चोरायचं नाही. आपल्याकडे निदान तालुका पातळीवर एका पिचला एकच बेस एवढं करून बघा, बेसवर दुसरा पंच द्या, सर्कल आखा, आणि मॅचच्या आधी दोन्ही टीमला मराठीत नियम वाचून दाखवा.

आणि हे मी फक्त माझ्या मुलीसाठी लिहीत नाहीये. आमच्याच टीमची सगळ्यात वेगात पळणारी पोरगी विभागीय स्पर्धेत एकाच मॅचमध्ये दोनदा बेस लवकर सोडला म्हणून आऊट झाली. तिथे पंच बघत होते. ती रडत रडत सरांना विचारत होती, इतके दिवस चालत होतं मग आज का नाही?

- एक पालक, जळगाव